पेट्रोलची गाडी गॅसवर : खान्देशातल्या उन्हात किट बसवताना

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

आधी एक खुलासा. समोर उभा एकच माणूस आहे, पण बोलताना 'आम्ही' म्हणणार आहे. आमच्या दोघांपैकी एक गॅरेज चालवतो आणि दुसरा तंत्रनिकेतनात मुलांना इंजिन शिकवतो. आजची तयारी दोघांची आहे. चुकलं तर दोघांना धरा.

गॅरेजवर येणारा प्रश्न ठरलेला असतो. 'भाऊ, गाडी गॅसवर करून घेऊ का?' लोकांना वाटतं आम्ही बोनेट उघडून बघू आणि सांगू. पण याचं अर्धं उत्तर बोनेटखाली नसतंच. आम्ही उलट विचारतो, रोज किती फिरता?

हिशोब करून बघा. आकडे समजुतीपुरते धरू, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ९५ रुपये किलो, आणि तीच गाडी किलोला २० किलोमीटर देते. म्हणजे पावणेपाच रुपये. किलोमीटरमागे सव्वादोन रुपये सुटले. किट, सिलिंडर, फिटिंग, पासिंग धरून ६० हजार खर्च आला असं माना. साठ हजारांना सव्वादोननं भागा, साधारण २६ हजार ६०० किलोमीटर येतात. रोज शंभर किलोमीटर फिरणारा माणूस नऊ महिन्यांत पैसे वसूल करतो. घर ते दुकान, दुकान ते घर, आणि रविवारी पाटणादेवी, असं वर्षाला सहा-सात हजार फिरणाऱ्याला चार वर्षं लागतात. तोवर सिलिंडरची तपासणी येते, गाडी विकायची वेळ येते. अशा माणसाला आम्ही सरळ सांगतो, बापू, राहू द्या. गिऱ्हाईक जातं, पण नंतर शिव्या खाण्यापेक्षा बरं.

आता काहींना वाटेल, लिटरला १५ देणारी गाडी किलोला २० कशी देते, गॅसमध्ये काय जादू आहे? जादू काही नाही. एक किलो सीएनजीमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलाएवढी उष्णता असते. म्हणजे किलोची लिटरशी तुलना केली की गॅस आपोआप शहाणा वाटतो. 'अॅव्हरेज वाढलं' असं म्हणू नका, माप बदललं म्हणा. बचत होते ती भावातल्या फरकानं.

दुसऱ्या इंधनावर गाडी चालवणं हे काही आत्ताचं खूळ नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडे प्रवासी मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या. कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघणारा गॅस गाळून इंजिनात सोडायचा. स्वीडनमध्ये तर अशा गाड्या हजारोंनी धावत होत्या. निघायच्या आधी भट्टी पेटवा, राख काढा, चढ आला की उतारू खाली उतरवा. लोकांनी तेही केलं, कारण पेट्रोल मिळतच नव्हतं. मुद्दा असा की पेट्रोलच्या इंजिनाला आत काय जळतंय याची फारशी फिकीर नसते. हवा आणि इंधन योग्य प्रमाणात आलं, प्लगची ठिणगी वेळेवर पडली, की ते फिरतं. अवघड प्रश्न इंजिनाच्या बाहेरचा आहे. इंधन गाडीत साठवायचं कसं?

पेट्रोल पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकीत राहतं. सीएनजी हा बहुतांशी मिथेन. तो आपल्या हवामानात दाबून दाबून द्रव होत नाही, वायूच राहतो. म्हणून तो २०० बारला दाबून भरावा लागतो. गाडीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. त्याच्या जवळपास नव्वदपट. त्यासाठी जाड पोलादाचा, बिनजोडाचा सिलिंडर लागतो. ६० लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर घेतला तर त्याचंच वजन साठ किलोच्या आसपास जातं. म्हणजे तुमच्या डिकीत एक माणूस कायमचा बसला. तो उतरत नाही, भाडं देत नाही, आणि स्टेपनीची जागाही खातो. मागची स्प्रिंग बसली, गाडी मागून घासते, अशा तक्रारी येतात त्या यामुळे.

सिलिंडरच्या तोंडावर व्हॉल्व्ह असतो. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. नळी तुटली आणि गॅस एकदम सुटायला लागला तर प्रवाह अडवणारी एक सोय, आणि आग लागून सिलिंडर तापला तर वितळून किंवा फुटून गॅसला वाट करून देणारी दुसरी. या व्हॉल्व्हभोवती एक पिशवी किंवा डबा असतो आणि त्याची नळी गाडीच्या बाहेर काढलेली असते. थोडा गॅस झिरपला तरी तो डिकीत न साठता बाहेर जावा म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत ही पिशवी फाटलेली, नाहीतर सामान ठेवायला अडते म्हणून काढून टाकलेली सापडते. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू वाटते. ती तुमची खिडकी आहे हो.

तिथून पोलादी नळी गाडीच्या खालून पुढे येते. बोनेटखाली रिड्यूसर असतो. तो २०० बारचा दाब दोन-अडीच बारवर आणतो. दाब एकदम उतरला की गॅस गार पडतो, इतका की रिड्यूसरवर बर्फ धरेल. म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरवतात. सकाळी गाडी आधी पेट्रोलवर चालू होते आणि पाणी तापल्यावर आपोआप गॅसवर जाते ती याच कारणानं. काही हुशार मंडळी पेट्रोल वाचवायला स्विच दाबून थंड इंजिनच गॅसवर चालू करतात. रोज तसं केलं की रिड्यूसरच्या आतलं रबर कडक होतं, आणि मग ते आमच्याकडे येतात. पुढे फिल्टर, इंजेक्टरची रांग आणि एक छोटा संगणक. तो पेट्रोलच्या इंजेक्टरला गप्प करतो आणि त्याच वेळी गॅसचा इंजेक्टर उघडतो.

पिकअप थोडा मरतो. साधारण दहा टक्के धरा. गॅस हवेची जागा खातो, म्हणून सिलिंडरात हवा कमी जाते. सपाटीला कळत नाही. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना चार माणसं आणि एसी असेल तर नक्की कळतं. आणखी एक गोष्ट. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते. पेट्रोलवर जुना प्लग, कमजोर कॉईल चालून जाते. गॅसवर ती लगेच उघडी पडते, गाडी धक्के देते, आणि गिऱ्हाईक म्हणतं किट खराब. किटच्या निम्म्या तक्रारी प्लग बदलून मिटतात. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलासारखा व्हॉल्व्हला गारवा देत नाही, म्हणून व्हॉल्व्ह सीट जास्त झिजते. टॅपेट वेळेवर तपासून घ्या. एवढं बस्स, इंजिनाचं पुराण इथे थांबवतो.

आता उन्हाचा विषय. हा पुण्या-मुंबईच्या व्याख्यानात ऐकायला मिळत नाही, आणि आपल्याला सगळ्यात जास्त लागतो.

मे महिन्यात जळगाव, भुसावळ ४५ अंशांच्या वर जातात हे कोणाला सांगायला नको. त्या दिवसांत हमखास भांडण होतं. 'सिलिंडर दहा किलोचा सांगितला, पंपावर आठच किलो बसला. पंपवाला चोर नाहीतर तुम्ही चोर.' दोघंही नाहीत. पंप किलो बघून थांबत नाही, तो दाब बघून थांबतो. २०० बार झाले की बंद. तापलेला वायू कमी वजनातच तेवढा दाब देतो. थंडीत पंधरा अंशांना ६० लिटरच्या सिलिंडरात जवळपास दहा किलो मावतो, पंचेचाळीस अंशांना तोच आठ-साडेआठवर येतो. वर भराभर भरताना गॅस आणखी तापतो. आणि जिथे पाइपलाइन पोचलेली नाही, तिथे पंपावर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रक रिकामा होत आला की पंपाचाच दाब पुरत नाही. म्हणून शक्यतो सकाळी लवकर भरा, आणि रांगेत ट्रक नुकताच आलाय का ते विचारा.

याचा धुळ्याशी संबंध आहे. जळगाव ते धुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. जाऊन येऊन एकशे ऐंशी-नव्वद. नऊ किलो गॅस आणि किलोला वीस, म्हणजे एकशे ऐंशी. हिवाळ्यात टाकी पूर्ण बसली तर एका भरण्यात धुळ्याची खेप होते. मेमध्ये, एसी लावून, परतीला एरंडोल ओलांडल्यावर गाडी पेट्रोलवर जाते. अशा वेळी पेट्रोलच्या टाकीत खडखडाट असेल तर रस्त्यात उभे राहाल. शिवाय काही गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलानंच गार राहतो. टाकी सतत कोरडी ठेवली तर तो पंप जळतो. दहा लिटर पेट्रोल कायम ठेवा. गॅसच्या गाडीत पेट्रोल लागतंच, ही गोष्ट किट विकणारा सांगायला विसरतो.

'उन्हात सिलिंडर फुटेल का?' हाही प्रश्न येतो. चांगला सिलिंडर नाही फुटणार. तो बनवताना आणि नंतर तपासताना ३३० बारपेक्षा जास्त दाब देऊन बघितलेला असतो. गाडी उन्हात तापून दोनशेचे सव्वादोनशे-अडीचशे झाले तरी अंतर भरपूर आहे. भीती धरायची ती गंजलेल्या, तपासणी चुकवलेल्या सिलिंडराची. नियमानं दर तीन वर्षांनी तो गाडीतून काढून, पाणी भरून, दाब देऊन तपासावा लागतो. याला हायड्रो टेस्ट म्हणतात. पाणी का, हवा का नाही? कारण पाणी दबत नाही. परीक्षेत सिलिंडर नापास होऊन फाटला तर पाणी नुसतं सांडतं. हवा भरली असती तर तो बॉम्ब झाला असता.

आता दुसरा गॅस. एलपीजी. इथे जरा सावकाश जाऊ.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हा थोड्या दाबानं द्रव होतो, म्हणून हलक्या टाकीत मावतो. दाब पाच ते दहा बार, उन्हात थोडा जास्त. स्वस्त, सोपा. म्हणूनच व्हॅनवाल्यांनी तो आधी उचलला. गाड्यांमध्ये एलपीजी वापरायला कायद्यानं वाट २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून झाली. २००१ साली वेगळा आदेश निघाला. त्यात स्पष्ट आहे की गाडीसाठी मंजूर केलेली टाकी पाहिजे, गाडीत कायम बसवलेली पाहिजे, आणि ती ऑटो एलपीजीच्या पंपावरच भरली पाहिजे. घरातला सिलिंडर गाडीला लावायला बंदी, आणि त्यातून गाडीत गॅस ओतायलाही बंदी.

पण खान्देशात झालं काय? गाड्या गॅसवर आल्या, पंप तेवढ्या प्रमाणात आले नाहीत. मारुती व्हॅन तर घराघरात. कोणी शाळेची मुलं नेतो, कोणी लग्नाचं वऱ्हाड, कोणी भाजी. अधिकृत पंप लांब, घरचा लाल सिलिंडर जवळ. मग गल्लीबोळात एखाद्या टपरीमागे भरून देणारे उभे राहिले. हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाही.

नोव्हेंबर २०२४. दिवाळी नुकतीच संपली होती. आपल्या जळगावात इच्छादेवी चौकात एका व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरातून गॅस भरत असताना स्फोट झाला. गाडीत माणसं होती. लोक होरपळले, आणि त्यातले काही पुढच्या दिवसांत वारले. त्यांची नावं आम्ही इथे घेणार नाही. त्यांच्या घरचे याच शहरात राहतात.

ते का होतं, हे मात्र सांगितलं पाहिजे. नुसतं 'बेकायदेशीर आहे' म्हणून कोणी थांबत नाही. आम्ही पाहिलंय.

पहिली गोष्ट, वजन. मिथेन हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. सुटला की वर जातो, उघड्यावर पांगतो. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. ती खाली बसते, पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, गटारीत उतरते, गाडीच्या पत्र्याखाली साचते. आणि एक लिटर द्रव सुटला की त्याची अडीचशे लिटरच्या आसपास वाफ होते. हवेत दोन टक्के झाली तरी पेटायला पुरते. ठिणगी दहा फुटांवरच्या बटणाची असली तरी चालते. गॅसच्या भरणाऱ्याकडे विजेची मोटर असते, साधं बटण असतं, आणि कोणीतरी बिडी ओढत उभं असतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. गाडीच्या खऱ्या एलपीजी टाकीत एक तरंगता गोळा असतो. टाकी ऐंशी टक्के भरली की तो भरणं आपोआप बंद करतो. उरलेली वीस टक्के जागा वाफेसाठी मोकळी सोडायची असते. कारण द्रव एलपीजी उन्हानं फुगतो, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. सकाळी पंचवीस अंशांना काठोकाठ भरलेली टाकी दुपारी बंद गाडीत पंचावन्नला गेली, तर आतल्या द्रवाला सात-आठ टक्के जास्त जागा हवी असते. ती नसेल तर तो पोलादाला ढकलतो. दाब पाच-दहा बार राहत नाही, सुटका करणारा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चढतो. व्हॉल्व्ह उघडला की जड वाफ सीटखाली. व्हॉल्व्ह जाम असेल तर त्याहून वाईट. टपरीवर भरताना हा गोळा बऱ्याचदा काढून टाकलेला असतो, 'जास्त बसतो' म्हणून. ज्या गावात मे महिन्यात कौलं तापतात, तिथे हा उद्योग.

आता एक कबुली. आमच्यातल्या गॅरेजवाल्यानं, साधारण वीस वर्षांपूर्वी, अशा दोन गाड्यांना हात लावला होता. नळी बदलून दिली, गळती काढून दिली. त्याला वाटलं आपण गाडी जास्त सुरक्षित करतोय. गाड्यांना काही झालं नाही. ते आमच्या कौशल्यानं नव्हे.

त्यानंतर एकदा एक दादा व्हॅन घेऊन आले. गाव सांगत नाही. मागच्या सीटखाली घरचा लाल सिलिंडर, साखळीनं बांधलेला. वर शाळेची दप्तरं. आम्ही म्हटलं, हे आम्ही करणार नाही. ते हसले आणि म्हणाले, 'गाडी चालस ना, मंग काय व्हयनं?' आम्ही हात जोडले. ते दुसरीकडे गेले असणार. त्या मुलांची नंतर बरीच दिवस आठवण यायची. पोलिसांना सांगायला हवं होतं, ते आम्ही सांगितलं नाही. आज तीच गाडी आली तर सांगू.

त्या दादांची अडचण खोटी नव्हती, हेही म्हटलं पाहिजे. महिन्याला एका मुलामागे जी फी मिळते त्यात पेट्रोल परवडत नाही. पालक फी वाढवायला तयार नसतात. म्हणजे स्वस्त व्हॅनमधली बचत पालकही खातात. आपण सगळेच.

कागदपत्रांकडे वळू. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटं द्या.

इंधन बदलणं म्हणजे कायद्याच्या नजरेत गाडीत बदल करणं. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम. त्यासाठी किट मान्यताप्राप्त हवं. मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे, एआरएआय. सिलिंडरची परवानगी स्फोटकांचं खातं देतं, त्याचं मुख्यालय नागपूरला. म्हणजे कागद दिल्लीला जातात असं समजू नका. किट विकणाऱ्याला विचारायचं एकच, माझ्या गाडीच्या मॉडेलला आणि माझ्या इंजिनाला या किटची मान्यता आहे का, ते पत्र दाखवा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणाला की उठून या. बीएस सहा गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी केंद्रानं ऑगस्ट २०२२ मध्ये दिली. त्याआधी ती नव्हती.

किट बसलं की आरटीओत गाडी दाखवून आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची. एमएच १९ असो की धुळ्याचा एमएच १८, नियम एकच. मग विमा कंपनीला कळवायचं. किटच्या किमतीच्या चार टक्के आणि तिसऱ्या व्यक्तीच्या विम्यासाठी साठ रुपये, असा जुना ठरलेला दर आहे. साठ हजारांच्या किटला अडीच हजारांच्या आत काम होतं. ते वाचवून लोक पुढे लाखांचा दावा घालवतात. आरसीवर पेट्रोल, डिकीत गॅस, असं दिसलं की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. आणि गाडी नवी, वॉरंटीत असेल तर बाहेरचं किट बसवण्याआधी शोरूमला लेखी विचारा. कंपनीचीच सीएनजी गाडी घेणं पुष्कळदा शेवटी स्वस्त पडतं. गॅरेजवाल्याच्या तोंडून हे ऐकून आश्चर्य वाटेल.

आता प्रश्न घेऊ.

एका श्रोत्याने विचारले : माझी डिझेल बोलेरो आहे, तिला किट बसेल का?

बसवून देतो म्हणणारे भेटतील. पण डिझेल इंजिनात प्लगच नसतो. तिथे हवा इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेल आपणहून पेटतं. गॅस तसा पेटत नाही. म्हणजे एकतर थोडं डिझेल पेटवायला ठेवून दोन्ही इंधनं एकत्र चालवायची, नाहीतर इंजिनाचं डोकं बदलून प्लग घालायचे, दाब कमी करायचा. दोन्ही शक्य आहे. घरच्या एका गाडीला परवडत नाही. डिझेलवरच ठेवा, इंजेक्टर साफ ठेवा.

प्रश्न : आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहेच. मग जास्त इथेनॉल टाकून चालवलं तर किटचा खर्चच नको?

ब्राझीलनं ते केलं, पण गाडी तशी बनवून. १९७९ मध्ये तिथे पूर्ण अल्कोहोलवर चालणारी फियाट आली, २००३ मध्ये कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्या गाड्यांचे रबर, पंप, इंजेक्टर आणि संगणक सगळं त्यासाठी असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते, म्हणजे जास्त ओतावं लागतं. तुमच्या गाडीचा संगणक एका मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो, पुढे दिवा लावतो. मालकानं घरी मिश्रण करू नये. ऊस, मका आपल्याकडे आहे म्हणून मोह होतो, हे खरं.

प्रश्न : जुनी, पंधरा वर्षांची गाडी आहे. आता किट बसवून काही अर्थ?

आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासा. दमलेलं इंजिन गॅसवर आणखी दमतं. आणि पुन्हा तोच हिशोब, साठ हजार भागिले सव्वादोन. गाडी तेवढी चालणार आहे का?

मागच्या रांगेतील एका ताईंनी विचारले : माझी मुलगी व्हॅननं शाळेत जाते. मला गाडीतलं काही कळत नाही. मी काय बघू?

ताई, हा प्रश्न आधी यायला हवा होता. व्हॅनवाल्या काकांना गोडीत सांगा की मागचा दरवाजा उघडा. आत घरातल्यासारखा लाल सिलिंडर दिसला तर त्या दिवसापासून मुलीला बसवू नका, आणि शाळेला कळवा. गाडीची स्वतःची टाकी असेल तर ती पट्ट्यांनी पक्की आवळलेली आहे का बघा, हलवून बघा. सिलिंडरवर किंवा गॅस भरायच्या तोंडाजवळ एक पट्टी असते, तिच्यावर तपासणीची तारीख असते. सीएनजीला तीन वर्षं झाली असतील, एलपीजीच्या टाकीला पाच, तर तपासणी चुकली. आरसीवर इंधन काय लिहिलंय ते विचारा. सकाळी व्हॅन उभी असताना दार उघडल्यावर कुजक्या कोबीसारखा वास येतोय का, तेही लक्षात ठेवा. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो वास मुद्दाम घातलेला असतो, तुम्हाला कळावं म्हणूनच. आणि शेवटचं, गॅस कुठे भरता, असं विचारा. पंपाचं नाव सांगितलं तर गेल्या आठवड्याची पावती दाखवायला सांगा. पंपावर भरणाऱ्याकडे पावती असते.